पेशंटच्या वतीने

आमच्याकडे डॉक्टर प्रश्न पेशंटला विचारतात आणि उत्तरं बाकीचे देतात. ही पद्धत कुणी घालून दिली ते शोधूनही सापडलं नाही, पण ती इतकी चोख पाळली जाते की सरकारी योजनांनी तिच्याकडून धडा घ्यावा. पेशंटचं तोंड थर्मामीटर धरण्यासाठी. बोलण्यासाठी नातेवाईक, शेजारी, जीपचा ड्रायव्हर, आणि यांपैकी कोणीच नसेल तर बाकावर बसलेला दुसरा पेशंट.

शेलूबाजारात मी इंद्रभान खिल्लारे यांच्या माडीवर भाड्यानं राहतो. गावात नवा आहे. म्हणजे येऊन चार वर्षं झाली, पण इथे नवेपण जायला साधारण दोन पिढ्या लागतात. इंद्रभानभाऊ एसटीचे निवृत्त कंडक्टर. सगळी नोकरी वाशीम-रिसोड लाइनवर, आणि सगळी उभ्यानं. कंडक्टरला बसायला सीट असते, पण ती ते एखाद्या लेकुरवाळीला देऊन टाकत आणि स्वतः दांडीला पाठ लावून जगाला पुढे सरकायला सांगत. घरी मात्र पुढे सरकायला सांगण्याचं काम त्यांच्या पत्नीकडे होतं. दुर्गाबाई बुद्धविहाराच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. गावात त्यांचा शब्द खाली पडत नाही, कारण त्या तो खाली ठेवतच नाहीत.

गेल्या हिवाळ्यात इंद्रभानभाऊंना माझं वर्तमानपत्र वर आणून देताना धाप लागायला लागली. मला वाटलं, बातम्यांमुळे. पण एक दिवस पेपरात काहीच नव्हतं, तरी ते जिन्यात मधेच बसले. लेक धम्मदीपा वाशीमला बँकेत आहे. तिनं त्यांना इको करायला नेलं. निदान असं की हृदयातून निघणारी जी मोठी धमनी, तिचा बुंधा फुगलाय आणि आतली झडप गळतेय. बुंधा फुटायच्या आत बदलायला हवा. नागपूरला जा.

समृद्धी महामार्गाला आमच्याच गावाजवळून चढता येतं, त्यामुळे हल्ली नागपूर जवळ आलंय आणि सोबत जाणाऱ्यांची संख्या वाढलीय. देवला राठोडची जीप ठरली. देवला हा जवळच्या तांड्यावरचा, भाऊंचा जुना दोस्त. एसटीच्या पुढे जीप दामटून तो प्रवासी पळवायचा आणि भाऊ त्याला स्टँडवर शिव्या द्यायचे. अशानं मैत्री झाली.

डॉक्टर विजयमाला काळबांडे या हृदयाच्या सर्जन. शांत बाई. त्यांनी केबिनमध्ये नऊ माणसं शिरताना पाहिली आणि पेशंट कोण, एवढंच विचारलं. सात बोटं इंद्रभानभाऊंकडे वळली.

"छातीत दुखतं का?"

"नाई," दुर्गाबाई म्हणाल्या.

"दम कधी लागतो?"

"जिना चढताना," धम्मदीपा म्हणाली.

"आणि शेतात," मागून कोणीतरी म्हणालं. भाऊंना शेत नाही, पण विषय दमाचा होता.

झोप कशी लागते याचं उत्तर देवलानं दिलं, की जीप सुरू झाली की लगेच लागते. पोट साफ होतं का, याचं उत्तर शेजारच्या जमनाबाईंनी दिलं. त्या वयानं ऐंशीच्या पुढे आहेत आणि त्यांचं घर भिंतीला भिंत लावून आहे. भाऊ या तोंडाकडून त्या तोंडाकडे पाहत होते, आपल्याबद्दल नवी नवी माहिती मिळत असल्यासारखे.

मग डॉक्टरांनी विचारलं, आधी कधी काही ऑपरेशन, शस्त्रक्रिया, काही प्रोसिजर?

"कायचंच नाई," दुर्गाबाई म्हणाल्या. "सुई नाई टोचून घेतली या माणसानं जिंदगीत."

इंद्रभानभाऊंनी तोंड उघडलं, बायकोकडे पाहिलं आणि मिटलं. देवला छताच्या पंख्याकडे बघायला लागला. केबिनला एसी होता, पंखा नव्हता.

आता पुढचं मला बऱ्याच उशिरा कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो, म्हणजे नंतर घोळ नको.

उभं राहून राहून भाऊंच्या दोन्ही पायांच्या शिरा फुगल्या होत्या. पोटऱ्यांवर वेलीच्या वेली. दुर्गाबाई दहा वर्षं म्हणत होत्या की दवाखान्यात दाखवा. भाऊ दहा वर्षं म्हणत होते की हे कंडक्टरचे बिल्ले आहेत. निवृत्तीच्या सुमारास त्यातली एक शीर फुटली आणि बुटात रक्त साचलं. तेव्हा त्यांच्यासमोर दोन वाटा होत्या. एक, घरी जाऊन बायकोला सांगायचं की तुझं बरोबर होतं. दुसरी, गुपचूप ऑपरेशन. कुठल्याही समजूतदार नवऱ्यानं निवडली असती तीच त्यांनी निवडली.

देवलानं त्यांना अकोल्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी लेझरनं दोन्ही पायांच्या मोठ्या शिरा आतल्या आत जाळून बंद केल्या. टाका नाही, व्रण नाही. संध्याकाळी घरी जा म्हणाले, फक्त काही दिवस मांडीपर्यंतचे घट्ट पांढरे मोजे घाला. आता मांडीपर्यंत पांढरे मोजे घातलेला कंडक्टर दुर्गाबाईंच्या नजरेतून सुटेल कसा? म्हणून भाऊंनी आधीच घरी सांगून ठेवलं होतं की मी विपश्यना शिबिराला चाललो. दहा दिवस. मौन असतं, फोन जमा करून घेतात. दुर्गाबाईंनी अभिमानानं सतरंजी बांधून दिली होती. ती घेऊन भाऊ रिसोडजवळच्या तांड्यावर, देवलाची बहीण रामीबाई हिच्याकडे जाऊन राहिले आणि दहा दिवस कोंबडी खाल्ली.

परत आले तेव्हा पाय आखडला होता. दहा-दहा तास मांडी घालून बसल्यानं, असं ते म्हणाले. मग हळूहळू पोटऱ्यांवरच्या वेली दिसेनाशा झाल्या. हे मात्र दुर्गाबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी महिला मंडळात सांगितलं की मन शांत झालं की शिरासुद्धा शांत होतात. आमच्या घरातलंच उदाहरण आहे. दोन-तीन बायका पायाच्या शिरांसाठी ध्यानाला बसू लागल्या. दर रविवारी विहारात वंदनेनंतर दहा मिनिटं ध्यान घ्यायचं काम भाऊंकडे आलं. पावसाळ्यातल्या वर्षावासात त्यांचं अनुभवकथनही होई. नोकरीत त्यांनी कधी कुणाला फुकट बसू दिलं नव्हतं. आता अख्खं गाव त्यांच्यासमोर डोळे मिटून बसत होतं आणि त्यांना खाली उतरायचा थांबा सापडत नव्हता.

देवलाकडून त्यांनी त्याच्या बंजारा समाजाच्या पोहरादेवीची शपथ घेववली होती. तेव्हा केबिनमध्ये तो पंखा शोधत होता, त्यात त्याचा दोष नाही. शिवाय दोघांचाही हिशोब सरळ होता: ऑपरेशन छातीचं, त्यात पायाचं काय काम?

पायाचं काय काम ते डॉक्टर काळबांडेंनी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी समजावून सांगितलं. पण ते ऐकायला मायलेकी होत्या आणि संमतीचा फॉर्म वाचायला चष्मा होता म्हणून मी. भाऊ वॉर्डात होते, देवला जीप लावायला जागा शोधत होता.

डॉक्टर म्हणाल्या, फुगलेला बुंधा काढून तिथे झडप बसवलेली कापडी नळी शिवायची. खुद्द हृदयाला रक्त देणाऱ्या दोन बारीक धमन्या त्याच बुंध्यातून निघतात. त्या बटणासारख्या कापून घ्यायच्या आणि नव्या नळीला परत टाचायच्या. यांची डावी धमनी जागेवर आहे. उजवी मात्र भलत्याच ठिकाणाहून, डावीच्या शेजारून निघते आणि भिंतीतून तिरपी जाते. क्वचित कुणाची असते अशी, जन्मापासून. एरवी कळलंही नसतं. "ती मी हलवणार आहे. पण हृदय रक्तानं भरलं, फुगलं, की अशी धमनी कधीकधी मुरगळते. तसं झालं तर हृदयाची उजवी बाजू उपाशी राहील. मग पायातली शीर काढून तिच्यासाठी नवी वाट करावी लागेल. चटकन करावी लागेल."

दुर्गाबाईंना बटण कळलं, वाटही कळली.

"पायातली खुशाल घ्या," त्या म्हणाल्या. "पाय लय चांगले हायेत त्यायचे. ध्यान करतात ते."

डॉक्टरांनी ध्यानाची नोंद घेतली की नाही माहीत नाही. धम्मदीपानं सही केली.

ऑपरेशनच्या सकाळी शेलूबाजारहून आणखी दोन जीप आल्या. पेशंट आत गेल्यावर बाहेर गर्दी करणं हा आमच्याकडे उपचाराचाच भाग समजतात. हॉस्पिटलच्या रखवालदाराला ते पटेना. तासाभराची बोलाचाली झाली आणि शेवटी मंडळी तर्री-पोहे खायला गेली. बाकावर उरलो आम्ही चौघं: दुर्गाबाई, धम्मदीपा, देवला आणि मी.

दुर्गाबाई डोळे मिटून बसल्या होत्या. नवऱ्यानं शिकवलेलं ध्यान करत होत्या. श्वास आला, श्वास गेला. देवलाला ते बघवेना. तो उठून पाणी प्यायचा, परत बसायचा, परत उठायचा. मला वाटलं, काळजी. काळजीच होती, पण मला वाटली त्याहून मोठी.

दुपार कलायला लागली तेव्हा आतलं दार उघडलं आणि काळबांडेंचे मदतनीस डॉक्टर अनुप बाहेर आले. तरुण माणूस, डोक्याला टोपी, बोलण्यात घाई. त्यांनी सांगितलं की नळी बसली, झडप छान चालते. हृदय सुरूही झालं होतं. पण भरल्याबरोबर उजवी धमनी मुरगळली आणि उजवी बाजू लोळागोळा झाली. मॅडमनी पुन्हा हार्ट-लंग मशीनवर घेतलंय. "कालच बोलणं झालंय तुमच्याशी. पायातली शीर काढून बायपास करतोय. दोन्ही पाय तयार आहेत. फक्त कळवायला आलो." आणि ते वळले.

धम्मदीपानं आईचा हात धरला. दुर्गाबाईंनी मान हलवली, घ्या म्हणून.

देवला उभा होता. त्याचा चेहरा मी पाहिला. एका बाजूला पोहरादेवी, एका बाजूला दोस्त, आणि समोर दुर्गाबाई. या तिघांत त्याला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटत होती ते मी सांगायला नको. दार मिटत आलं होतं. त्यानं हात घालून ते धरलं.

"डाक्टरसाहेब, पाय नका कापू."

अनुप थांबले.

"पायात शीर नाई," देवला म्हणाला. "अकोल्याले जाळली. लेझरनं. म्या नेलं होतं."

"कुठल्या पायातली?"

"दोनी."

"नक्की? मांडीपर्यंत?"

देवलानं स्वतःच्या पँटवरून घोट्यापासून जांघेपर्यंत बोट फिरवलं. आधी डाव्या पायावर, मग उजव्या. अनुप आत पळाले. डॉक्टर माणूस पळताना मी पहिल्यांदाच पाहिला. आमच्याकडे ते सहसा पेशंटला पळवतात.

दार मिटलं. कॉरिडॉरमध्ये इतकी शांतता झाली की ती शिबिरात शोभली असती.

दुर्गाबाईंनी डोळे पूर्ण उघडले. "कवा?" त्यांनी विचारलं.

देवला खाली बघून म्हणाला, "शिबिराच्या टायमाले."

"अन् शिबिर?"

"रामीबाईकडे होते वहिनी. रिसोडले. कोंबडी खात."

 मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. ते कोसळलं नाही. दुर्गाबाईंनी फक्त पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "मंग आता ते काय लावतीन?"

हाच प्रश्न होता. सहा वर्षांचं ध्यान, अनुभवकथन, महिला मंडळातली शान, सगळं एका वाक्यात वाहून गेलं होतं आणि त्या बाईला त्याचं काही नव्हतं. पायात शीर नाही, तर त्या उपाशी बाजूला रक्त कुठून देणार? देवलाला माहीत नव्हतं. मला माहीत नव्हतं. धम्मदीपा मोबाइलवर शोधायला लागली आणि दोन ओळी वाचून तिनं तो फोनच पर्समध्ये टाकून दिला.

पोहेवाली मंडळी परतली. त्यांना परिस्थिती सांगितली, तेव्हा एक चमत्कार झाला. कोणीच काही बोललं नाही. सल्ला नाही, उदाहरण नाही, आमच्या साडूचंही असंच झालं होतं असंही नाही. जमनाबाई दुर्गाबाईंच्या शेजारी येऊन बसल्या आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून गप्प राहिल्या. मला वाटलं, केवढी ही समज. एवढ्या माणसांनी एकदम गप्प बसायला समजेपेक्षा वेगळं कारण असू शकतं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

देवला भिंतीपाशी उकिडवा बसला होता. दुर्गाबाई त्याला म्हणाल्या, "वर बस. पाय धरतीन." एवढंच. त्या दिवशी त्या त्याच्याशी पुन्हा बोलल्या नाहीत.

काळबांडे मॅडम बाहेर आल्या तेव्हा कॉरिडॉरमधली सगळी मंडळी उभी राहिली. मॅडमच्या कपाळावर टोपीचा वळ उठला होता. त्या सरळ दुर्गाबाईंकडे आल्या.

"मशीनवरून काढलंय. हृदय स्वतःच्या जोरावर चाललंय, दोन्ही बाजू."

दुर्गाबाई एकदम खाली बसल्या. बाक तिथे होता, हे बरं झालं.

मॅडमनी मग सांगितलं. छातीच्या भिंतीच्या आतल्या अंगाला एक धमनी वरून खाली येते. ती सोडवून तिचं टोक मुरगळलेल्या धमनीच्या पुढे जोडून दिलं. शीर नव्हे, धमनीच, टिकायलाही चांगली. पण ती सोडवायला वेळ लागतो, म्हणून घाईच्या वेळी आधी पायाकडे हात जातो. "अनुप आत आला तेव्हा माझ्या दुसऱ्या मदतनीसाच्या हातात सुरी होती. आधी एक पाय उघडला असता, तिथे दोरीसारखी वाळलेली शीर मिळाली असती. मग दुसरा पाय उघडला असता. तेवढा वेळ त्या उजव्या बाजूकडे होता की नाही, मला सांगता येत नाही. नव्हता असं धरून चाला."

मग त्यांनी विचारलं, ही माहिती आधी का मिळाली नाही. पहिल्या दिवशी, केबिनमध्ये मी विचारलं होतं. उत्तर कुणी दिलं होतं?

कॉरिडॉरमध्ये बरीच माणसं होती आणि सगळ्यांनाच आपापल्या चपला बघायच्या होत्या.

"म्या," दुर्गाबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. उद्या भेटायला आत या, एकेक जण, एवढं सांगून त्या गेल्या.

आत काय झालं ते मला धम्मदीपानं सांगितलं; नर्सची नजर चुकवून ती आईच्या मागे उभी होती. घशातली नळी काढलेली होती. भाऊ जागे होते, आवाज मात्र बसलेला. बायकोला बघून त्यांनी हसायचा प्रयत्न केला. दुर्गाबाई पायांकडे गेल्या, चादर वर केली, दोन्ही पोटऱ्या नीट पाहिल्या आणि चादर परत घातली. तेवढ्यावरून भाऊंना कळलं. कंडक्टर माणूस, चेकिंग चढलंय हे चेहऱ्यावरून ओळखतो.

"शिबिराच्या नावानं गेलते, त्याचा राग नाई मले," दुर्गाबाई म्हणाल्या. "कोंबडी खाल्ली, ती बी जाऊ द्या. पन डाक्टरनं इचारलं, अन् माह्या तोंडून खोटं निंगालं. तुमी बाजूले बसून ऐकलं. म्याच मारलं असतं तुमाले."

भाऊ नाकातल्या नळीतून ऑक्सिजन घेत राहिले.

"तू बरोबर होतीस," ते शेवटी म्हणाले. "पायाचं. दहा वरसं."

धम्मदीपा म्हणते, तिच्या आयुष्यात तिनं बाबांच्या तोंडून हे वाक्य ऐकलं नव्हतं, आणि आईच्या चेहऱ्यावरून वाटलं की आईनंही नव्हतं. सगळं होऊनही तिची आई खुश दिसली. पण दुर्गाबाईंनी ती खुशी लगेच आवरली आणि म्हणाल्या, हे वाक्य परत बोलायचं, आवाज सुटल्यावर, मोठ्यानं.

वॉर्डात आल्यावर मॅडम सकाळच्या फेरीला आल्या. कसं वाटतंय, त्यांनी विचारलं. सवयीनं चार जणांनी श्वास घेतला. दुर्गाबाईंनी नुसता हात वर केला आणि चारही श्वास तसेच परत गेले.  मॅडम वाट बघतायत. इंद्रभानभाऊंना हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदाच थेट आला होता. त्यांनी मॅडमकडे पाहिलं, मग बायकोकडे वळून हळूच विचारलं, "कसं वाटून राह्यलं मले?"

मॅडम पहिल्यांदा हसल्या. दुर्गाबाई हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं, की स्वतः सांगा. तेव्हा भाऊ बोलायला लागले. छातीत टाके ओढतात, भूक लागत नाही, शेजारच्या कॉटवरचा माणूस घोरतो, डाव्या कुशीवर झोपायची सवय आहे, चहा गोड नसतो. मॅडमना पुढे जाता येईना. इतक्या वर्षांचं साचलेलं होतं.

घरी आले तेव्हा जीप देवलाचीच होती. देवला नंतर पोहरादेवीला जाऊन आला, शपथ मोडल्याचं सांगायला. देवीनं काही म्हटलं का, असं मी विचारलं. तो म्हणाला, देवी काही नाही म्हणाली. वहिनीनं अजून माफ केलं नाही. मात्र दुसऱ्याच आठवड्यात दुर्गाबाईंनी त्याच्या घरी पुरणपोळ्या पाठवल्या. शब्द नाही, नुसत्या पोळ्या. देवलानं त्याचा अर्थ लावायला मला बोलावलं, आणि अर्थ लावताना आम्ही त्या संपवल्या.

आता राहिलं होतं गाव. दुर्गाबाई म्हणाल्या, मी महिला मंडळात ज्या तोंडानं सांगितलं की ध्यानानं शिरा बसतात, त्याच तोंडानं परत सांगणार. पायाच्या शिरांसाठी बायका अजून डोळे मिटून बसतायत. त्यांचे पाय काही बरे होत नाहीयेत. भाऊ म्हणाले, मी सांगतो. दुर्गाबाई म्हणाल्या, तुमी बसा, टाके ओलेत.

रविवारी विहार भरलं होतं. भाऊ खुर्चीवर, छातीला पट्टा. वंदना झाली. दुर्गाबाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, सजवलं नाही. शिबिर, मोजे, तांडा, कोंबडी, आणि केबिनमधलं आपलं उत्तर. 

सांगून झाल्यावर त्या थांबल्या. कुणी चकित झालं नाही. कुणाचा हात तोंडावर गेला नाही. दुर्गाबाईंनी इकडून तिकडे पाहिलं, आणि त्यांच्या कपाळावर हळूहळू एक आठी उमटली.

"तुमाले मालूम होतं," त्या म्हणाल्या.

जमनाबाईंनी घसा साफ केला. "माय, सारी जिंदगी यानं त्या लाइनवर तिकिटं फाडली," त्या म्हणाल्या. "अन् लपाले गेला कुठं, तर रिसोडले."

मग एकेक निघालं. बाजाराला गेलेल्या दोघांनी भाऊंना तांड्यावर खाटेवर बसलेलं पाहिलं होतं, पांढऱ्या मोज्यांसकट. एका बाईच्या भावानं एसटीतून हात केला होता, आणि भाऊंनी सवयीनं परत केला होता. अकोल्याच्या दवाखान्यात जमनाबाईंच्या पुतणीचा दीर कंपाउंडर होता. भाऊ शिबिरातून परतायच्या आत बातमी शेलूबाजारात पोचली होती. मग सगळ्यांनी मिळून, कुणी न ठरवता ठरवलं, की दुर्गाबाईंना सांगायचं नाही. बाई किती खुश आहे, कायले तिचं मन मोडा. सहा वर्षं अख्ख्या गावानं दर रविवारी डोळे मिटले ते तिच्यासाठी.

म्हणजे त्या दिवशी केबिनमध्ये नऊ माणसं होती. त्यांत मायलेकी आणि मी सोडलो, तर बाकी सगळ्यांना खरं उत्तर माहीत होतं, पेशंट धरून.

मी दुर्गाबाईंकडे बघत होतो. रडतील की रागावतील, अंदाज येईना. त्या दोन्हीच्या मधे कुठेतरी थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी खुर्ची ओढली, भाऊंच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "बरं. माह्या मनाची काळजी केली तुमी. आता मी तुमची करतो. कोनं काय लपवून ठेवलं हाये, ते सांगा. सांगितल्याशिवाय कोनी घरी जायचं नाई."

 मग एका माणसानं कबूल केलं की साखरेच्या गोळ्या तो घेत नाही, गाईला देतो. गाय ठीक आहे. एका सुनेनं सांगितलं की तिला वर्षभर पोटात दुखतं. तिच्या सासूनं तिच्या वतीनं बोलायला तोंड उघडलं आणि दुर्गाबाईंकडे बघून मिटलं. एकानं चक्कर येते म्हटलं, एकानं ऐकू येत नाही म्हटलं. हे त्याला तीनदा विचारावं लागलं.

सगळ्यांत शेवटी जमनाबाई.

"मले उजव्या डोयानं दिसत नाई," त्या म्हणाल्या. "तीन वरसं झाले. डाव्यानं बी धुपटच हाये."

त्यांची सून ललिताबाई ताडकन वळली. "मंग तांदूळ कसे निवडता तुमी रोज?"

"अंदाजानं."

ललिताबाईनं आपल्या जबड्याला हात लावला. तीन वर्षं जेवताना दाताखाली जे खडे येत होते त्यांच्यावरून ती दुकानदाराशी भांडत आली होती.

"बाई, मोतीबिंदू असन तो," दुर्गाबाई म्हणाल्या. "निंगते. अर्ध्या घंट्याचं काम हाये, लख्ख दिसते. काहून बोलल्या नाई?"

"कोनी इचारलं नाई मले," जमनाबाई म्हणाल्या. "डाक्टर आला का ललिताच बोलते."

दुर्गाबाईंनी दाराकडे पाहिलं. देवला बाहेर चपलांपाशी उभा होता, आत यावं की नाही याचा विचार करत. त्यांनी त्याला हाक मारली, महिन्यात पहिल्यांदा, आणि विचारलं की उद्या जीप रिकामी आहे का. देवला आहे म्हणाला. नसती तरी म्हणाला असता.

सोमवारी सकाळी जीप अकोल्याला निघाली. पुढे जमनाबाई, मागे साखरवाला, पोटदुखीवाली सून आणि बहिरे काका. इंद्रभानभाऊंना लांबचा प्रवास मना होता, म्हणून ते ओट्यावर उभे राहून सगळ्यांना पुढे सरकून बसायला सांगत होते. जमनाबाईंच्या शेजारची जागा ललिताबाईनं मागितली, डॉक्टरांशी बोलायला कोणी नको का म्हणून. जमनाबाईंनी तिला मागे बसवलं.